वाक्य संपेपर्यंत

फाटकाची दांडी वर गेली आणि माझाच आवाज मला म्हणाला, "आपल्या भेटीबद्दल धन्यवाद. पुन्हा अवश्य या."

टॅक्सीत मागच्या सीटवर मी आणि वन्सं होतो. माझ्या मांडीवर ह्यांच्या कपड्यांची पिशवी, तिच्यात सगळ्यात वर चष्मा, त्याची एक काडी हॉस्पिटलच्या पिवळट टॉवेलात अडकलेली. हे आमच्या पुढे होते, खिडक्या नसलेल्या पांढऱ्या गाडीत. ती गाडी बाजूच्या वाटेने बाहेर पडली. तिला तिकीट लागत नाही, म्हणून तिला कुणी धन्यवादही म्हटलं नाही. आमच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून तिकीट यंत्राच्या तोंडात सारलं, यंत्राने ते गिळलं आणि वाक्य म्हटलं. ड्रायव्हरला बिचाऱ्याला काय माहीत. काच वर घेता घेता तो म्हणाला, "मशीन आहे, पण काय गोड बोलते. आपली माणसं बोलत नाहीत अशी." वन्संनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मला रडू फुटतंय. रडू नव्हतंच. मी ऐकत होते. गाडी सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली, रस्त्याकडेची दुकानं उघडत होती, कुणी शटर वर ढकलत होतं, कुणी पायरीवर पाणी मारत होतं, आणि माझ्या कानात तो एकच हसरा शब्द फिरत होता, धन्यवाद. मी तो ओळखला होता. नुसता आवाज माझा म्हणून नव्हे. तो शब्द मी कधी आणि कुणाला म्हटला होता, ते मला माहीत होतं.

माझा आवाज यंत्रांत असतो. लिफ्टचे मजले, पार्किंगची फाटकं, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी बाई, ती मीच. एरवी मला कुणी ऐकत नाही, हे तक्रार म्हणून सांगत नाही, आहे तसं सांगते. माझा आवाज मुळात खालचा. दुकानात मी बोलायला लागले की मागचा माणूस माझ्या खांद्यावरून स्वतःचं मागून मोकळा होतो. मी 'मला वाटतं' म्हणेपर्यंत समोरच्याला काय वाटतं ते त्याचं सांगून झालेलं असतं. वन्संसमोर तर माझं एकही वाक्य आजवर किनाऱ्याला लागलेलं नाही. पण माइक वेगळा. माइकला घाई नसते. स्टुडिओत जाड दार लागलं की मी बोलते आणि माझ्या शब्दांच्या आड कुणी येत नाही. ह्यांना या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. हे लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोकळीत, तारा, ग्रीस आणि धूळ, आणि वर माझा आवाज. घरी आले की बूट काढता काढता म्हणायचे, "आज अकराव्या मजल्यावर अडकलो होतो, तर तू वरून सांगत होतीस, दार उघडत आहे. मी म्हटलं, बाई, उघडत नाहीये, तेच तर दुखणं आहे." आणि वन्सं राहायला आलेल्या असताना जेवताना माझ्या बोलण्यात शिरल्या की हे मान वर न करता, घास घेता घेता म्हणायचे, "तिचं संपू दे." एवढंच. चिडून नाही, समजावून नाही. 'मीठ दे' म्हणावं तसं.

हे तीन शब्द आता घरात नाहीत, हे मला त्या दिवशी फाटकाबाहेर आल्यावर कळलं.

माझा एक नेम आहे. आईने लावलेला. संध्याकाळी दिवा लावायचा, समोर बसायचं, आणि आजच्या दिवसात जे मिळालं त्यातल्या एका गोष्टीचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. मोठ्याने, आपल्या कानांना ऐकू येईल असं. काल मानले ते आज चालत नाहीत. 'सगळ्याबद्दल' असं म्हणणं चालत नाही, कारण सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही. आणि ते म्हणून होईपर्यंत रात्रीचं जेवण नाही. आई बाटल्यांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून आलेली बाटली उचलायची, उजेडासमोर धरायची, फिरवायची, तडा असेल तर बाजूला. दिवसभर हेच. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जेवताना, झोपेतसुद्धा काहीतरी फिरवत असे. मी लहान असताना नेमाला बसून घाईघाईने काहीतरी म्हणून टाकायची, भूक लागलेली असायची, ताटावर डोळा असायचा. आई म्हणायची, "उजेडासमोर धरलंस का? धर. फिरव. तडा दिसला तर ठेवून दे, दुसरं घे. तडा गेलेलं वर पाठवू नये." मी तेव्हापासून धरते. उन्हात वाळलेली चादर, बसमध्ये मिळालेली खिडकी, वेळेवर थांबलेला खोकला, शेजारणीने न विचारता उचललेलं दूध. तापात, उपासात, आई गेली त्या दिवशीही मी काहीतरी धरलं, फिरवलं आणि वर पाठवलं. आई गेली तेव्हा तिचं वय झालं होतं, तिची बोटं शांत झाली होती, त्या शांत बोटांबद्दल मी आभार मानले, आणि त्यात तडा नव्हता.

ह्यांच्या बाबतीत मला काही सापडेना. पहिल्या संध्याकाळी मी दिव्यासमोर बसले आणि तोंड उघडलं, तर जिभेवर आयता तोच शब्द आला, फाटकावरचा. हसरा. मी तोंड मिटलं. ज्या शब्दाने माझ्या माणसाच्या मागून बाहेर पडताना मला 'पुन्हा या' म्हटलं, तो देवाला कसा पाठवू? दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही. वात सरळ जळत होती. आत वन्संनी ताटं मांडली होती, झाकली होती, पुन्हा उघडून बघितली होती. "झालं का गं?" मी मान हलवली. त्या रात्री मी पाणी पिऊन निजले. दुसऱ्या संध्याकाळीही. पुढेही. दुपारचं जेवण नेमात येत नाही, ते मी घेत होते, वन्सं समोर बसून घ्यायला लावत होत्या, म्हणून कुणाला फार काही दिसलं नाही. पण रात्री पोट रिकामं असायचं आणि त्या रिकामेपणात मला एक कडकपणा जाणवायचा, दातांखाली खडा यावा तसा. ते दुःख नव्हतं. दुःख मऊ असतं, दुःखाने मी दुपारी रडत होते, ह्यांच्या सदऱ्याच्या घड्या घालताना, त्यांच्या बुटांतली धूळ झटकताना. संध्याकाळचं ते वेगळं होतं. संध्याकाळी मी दिव्यासमोर बसून देवाकडे बघत होते आणि नजर खाली घेत नव्हते.

वन्सं ह्यांच्याहून मोठ्या. भाऊ गेल्यापासून इथेच राहिल्या आहेत, त्यांच्या घरी सून समर्थ आहे म्हणतात. त्यांचं एक मंडळ आहे. दर सोमवारी बायका जमतात, मधे एक ताई बसतात, आणि एकेकीने देवाचे आभार मानायचे. त्यांचा नियम माझ्यापेक्षा सोपा आहे आणि अवघडही. जे दिलंस त्याचे आभार, जे नेलंस त्याचेही आभार. एका संध्याकाळी मी दिव्यासमोरून तशीच उठले, तेव्हा वन्सं स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"अशाने तू आजारी पडशील."

"पाणी घेतलंय. दुपारी पण चांगलं—"

"पाण्याने काय होतंय? माझं ऐक. तू उलटं धरून बसलीयेस. देवाने नेलं ना, मग नेल्याचेच आभार मान. एकदा म्हणून बघ. मी सोमवारी मंडळात म्हटलं, माझ्या भावाला सोडवलंस, तुझे आभार. सगळ्यांसमोर. ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकं हलकं वाटलं."

"वन्सं, मला ते खरं—"

"खरं-खोटं आपण कोण ठरवणार? त्याला श्वास घेववत नव्हता. नळ्या बघवत नव्हत्या. सुटला."

"सुटले, पण—"

"तेच म्हणते मी. सुटले, एवढं म्हण, आणि जेव."

बोलताना त्यांच्या हातात पदराचं टोक होतं. त्याची त्यांनी गुंडाळी केली, सोडली, परत केली. इतकं हलकं वाटणाऱ्या माणसाचे हात असे नसतात, हे मला दिसलं.  खोलीत जाऊन आडवी झाले आणि छताकडे बघत मनात म्हटलं, सुटले म्हणजे काय? त्यांना कुणी बांधलं होतं? छातीत धूळ भरली ती इमारतींची. श्वास कोंडला तो कोंडणाऱ्याने कोंडला, मग गाठ त्यानेच सोडली म्हणून त्याच्या पाया पडायचं? माझा देवावर राग नाही. मी त्याला रोज भेटते, रागावलेली माणसं रोज भेटत नाहीत. पण मी त्याची खुशामत करणार नाही. इतकी वर्षं त्याला एकेक गोष्ट उजेडासमोर धरून, फिरवून दिली. त्याला माझ्या हातचं खरं ते खाण्याची सवय आहे. आता शेवटी शेवटी मी त्याला तडा गेलेली बाटली देऊ आणि त्याने ती गपचूप घ्यावी, असं आमचं नातं नाही.

आणि तो फाटकावरचा शब्द. तो असा झाला होता. लग्नाच्या आधीची गोष्ट. स्टुडिओ तेव्हा नवा होता, रेकॉर्डिंगला मामा होते, अजूनही आहेत; आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, ते कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही. मामा वाक्यं अख्खी घेत नसत. शब्द सुटे घ्यायचे आणि मग हवे तसे जोडायचे. त्या दिवशी 'धन्यवाद' चालला होता. मी म्हणत होते आणि मामा काचेपलीकडून मान हलवत होते. "बाई, शब्द बरोबर आहे, पण तोंड सरळ आहे. ऐकणाऱ्याला हसू ऐकू येतं. समोर कुणीतरी आहे असं समजा." समोर माइक होता. मी म्हणत राहिले, घसा कोरडा पडला. तेवढ्यात जाड दार ढकलून एक माणूस आत आला. इमारतीची लिफ्ट बसवायला आलेला, कपाळाला ग्रीस, हातात पाण्याचा पेला. त्याने काचेपलीकडून मला घसा खाकरताना पाहिलं असणार. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे बूट करकर वाजत होते, आणि इथे आवाज चालत नाही हे दारातच त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो इतका मोठा माणूस चवड्यांवर चालत, दोन्ही हात पसरून, पेला न सांडता माझ्यापर्यंत आला, पेला ठेवला आणि तसाच चवड्यांवर परत फिरला. मी म्हटलं, "धन्यवाद." काचेपलीकडे मामांनी दोन्ही हात वर केले. "मिळाला. हाच ठेवतो." तोच ठेवला. तोच शहरभर चिकटवला. बाजाराच्या पार्किंगमध्ये, फोनच्या शेवटी, हॉस्पिटलच्या फाटकावर. कितीतरी माणसं कितीतरी वेळा तो ऐकतात, आणि तो आहे एका पेल्याबद्दल, एका माणसाला.

लग्नानंतर मी ह्यांना तो शब्द पुन्हा कधी म्हटला नाही. म्हणायचा नसतोच. आपल्यात घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं तर ते दोन पावलं मागे सरकून बघेल, काय चुकलं माझं म्हणून. एकदा ह्यांनी माझ्या तळपायातला काटा काढून दिला, तेव्हा मी गमतीने यंत्राच्या आवाजात म्हटलं होतं, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. हे म्हणाले, "पुन्हा अवश्य या," आणि पाय मांडीवरून खाली ठेवला. आम्ही खूप हसलो होतो. ते हसू आता मला कुठल्या फाटकात ऐकायला मिळणार आहे.

परवा स्टुडिओतून बोलावणं आलं. वन्संना मी जाऊ नये असं वाटत होतं. "एवढ्यात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांचं माझ्या आधी म्हणून होतंच. त्या एकदम गप्प झाल्या, बहुधा मी वाक्य पुरं केलं म्हणून. स्टुडिओत मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माइक नेहमीपेक्षा थोडा खाली घेतला, माझे खांदे वाकलेत हे त्यांना दिसलं असावं. काचेपलीकडे एक गृहस्थ होते. तेच हॉस्पिटल. नवी इमारत उघडतेय, सगळी यंत्रं एका आवाजात हवीत, तोच आवाज हवा, लोकांना सवयीचा झालाय. गृहस्थ व्यवस्थापक होते, सभ्य, स्वच्छ नखांचे. माझ्यासमोर कागद होता. मी वाचला. मग एकेक वाक्य, माझ्याही नकळत, उजेडासमोर धरायला लागले. 'प्रतीक्षा केल्याबद्दल धन्यवाद.' बाकावर बसलेली माणसं मला दिसली, डबे, पिशव्या, डुलक्या. त्यांनी खरंच काहीतरी दिलेलं असतं. हे मी म्हटलं, आणि नवं म्हटलं, जुना शब्द वापरू दिला नाही. मामांनी भुवई उचलली, पण घेतलं. पुढचं वाक्य फाटकाचं होतं.

"हे मी म्हणणार नाही," मी म्हटलं.

काचेवरच्या छोट्या स्पीकरमधून व्यवस्थापकांचा आवाज आला. "काही अडचण आहे का, बाई? हेच तर सगळ्यात साधं आहे. भेटीबद्दल धन्यवाद, पुन्हा—"

"माझं संपू दे."

हे माझ्या तोंडून आलं, ह्यांच्या सुरात. मीठ दे म्हणावं तसं. काचेपलीकडे दोघंही थांबले.

"तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्यांत रोज कुणीतरी असतं ज्याचं माणूस बाजूच्या वाटेने गेलेलं असतं. त्याला आपण फाटकावर थांबवून म्हणतो, भेटीबद्दल धन्यवाद. हसून म्हणतो. ते हसू मला माहीत आहे, ते माझं आहे."

"बाई, मी समजू शकतो. तुमचं कानावर आलं माझ्या. पण बहुतेक पेशंट बरे होऊन जातात हो."

"मग त्यांना तरी पुन्हा या कशाला म्हणायचं?"

मामांना खोकला आला. तो हसण्याचा खोकला होता, मी ओळखते. व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, मग काय म्हणावं, तुमच्या मते?"

"सावकाश जा."

"एवढंच?"

"खरं तेवढंच आहे."

त्यांनी कागदाची घडी केली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला समजावलं की आभार हा संस्थेचा शिष्टाचार आहे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आभार असावेत असं वरून ठरलंय, त्यामुळे माणसाला आपलेपणा वाटतो. सगळं एकाच आवाजात हवं असल्यामुळे, एक वाक्य अडलं तर सगळंच दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आणि खरं म्हणजे हल्ली माणूस लागतोच असंही नाही, यंत्र स्वतःच बोलतं. मी सगळं ऐकून घेतलं. त्यांना मधे तोडलं नाही. मग म्हटलं, "द्या दुसऱ्या कुणाला. यंत्राला द्या. पण ते कशाबद्दल आभार मानतंय, ते एकदा त्याला विचारा. मी रोज मानते, म्हणून सांगते. फुकट मानायची गोष्ट नाही ती." आणि कानांवरचे हेडफोन काढून स्टँडला अडकवले. बाहेर आले. मामा जिन्यापर्यंत सोडायला आले.

"त्यांचं काम गेलं समजा, बाई. आणि ते गेलं म्हणजे बरंच गेलं."

"समजले."

"फाटकावरचा जुना धन्यवाद आजच काढून घेतो मी. कापून मीच लावला होता, कापायला काय लागतं. नवं काही येईपर्यंत दांडी मुकी जाईल वर."

"जाऊ दे मुकी."

"मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे त्या दिवसाचं. बुटांच्या आवाजासकट. ऐकायचंय?"

मी नको म्हटलं. त्यात काय आहे ते मला पाठ आहे.

घरी आले तर खाली पाटी लावलेली, लिफ्टचं काम चालू आहे. जिन्याने वर चढले, मधे मधे कठड्याला धरून. पाचव्या मजल्यावर, आमच्याच दारासमोर, लिफ्ट उघडी होती. तिच्या भिंतीतली पत्र्याची झडप काढून ठेवलेली, तारा बाहेर आलेल्या, आणि ह्यांचा जोडीदार गुडघ्यांवर बसला होता. ह्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं कामाला होता, पाठीला बाक येईपर्यंत. वन्सं शेजारी उभ्या राहून त्याला बोलत होत्या. "खुळी आहे तुमची लिफ्ट. बाकी सगळीकडे दार झटकन लावते, इथे आली की नखरे. नुसती आ वासून उभी. वरच्या मजल्यावरचे रोज मला ऐकवतात, तुमच्याकडेच अडते म्हणून."

"खुळी नाही, आक्का. कुणीतरी शिकवलंय तिला." त्याने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. "वहिनी, तक्रार आली म्हणून उघडलं. इथे दाराचा थांबा वाढवून ठेवलाय. फक्त पाचव्याचा. बाकी मजल्यांना नेहमीचाच आहे. तारा बांधल्यात त्या त्यांच्याच हातच्या आहेत. अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही."

"का वाढवला?"

"तेच कळेना. मापच विचित्र आहे. या, दाखवतो."

त्याने मला आत घेतलं, एक मजला खाली नेलं. दार उघडलं. वरून माझा आवाज म्हणाला, "मजला चौथा. दार उघडत आहे. साव—" टिंग वाजलं आणि दार लागायला सुरुवात झाली. तिसऱ्यावर नेलं. "मजला तिसरा. दार उघडत आहे. साव—" टिंग. "सगळीकडे असंच असतं," तो म्हणाला, "दार लागायला लागलं की घोषणा तुटते. कोण ऐकतंय म्हणा." मग आम्ही वर आलो. दार उघडलं. "मजला पाचवा. दार उघडत आहे. सावकाश उतरा." मग एक श्वास घेण्याएवढी शांतता. मग टिंग.

मी इतकी वर्षं या लिफ्टने वर येते. उतरताना जिन्याने उतरते, गुडघे चालते राहावेत म्हणून. दुसऱ्या मजल्यांवर मी कधी उतरलेच नाही, आणि आपलाच आवाज आपल्याला बंद डब्यात ऐकवत नाही, म्हणून लिफ्टमध्ये मी डोळे मिटून नाम घेते. मला वाटत होतं, सगळीकडे तशीच बोलते मी, शेवटपर्यंत. हे कधीतरी सुट्टीच्या दिवशी ही झडप उघडून बसले असतील, तोंडात पाना धरून. बाहेर येऊन मला काही म्हणाले नसतील. हात धुऊन जेवायला बसले असतील. मी त्या संध्याकाळी कुठल्यातरी चादरीचे, कुठल्यातरी खिडकीचे आभार मानले असतील, आणि हे आत बसून माझं संपायची वाट बघत असतील.

"नेहमीचा करून टाकतो," जोडीदार म्हणाला आणि वाकला.

"नको."

"वहिनी, तक्रार लेखी आहे. आणि नियमात बसत नाही हे, एकाच मजल्याला—"

"अगं, करू दे ना त्याला," वन्सं म्हणाल्या, "लोकांना उगीच—"

मी पुढे होऊन ती पत्र्याची झडप उचलली आणि तिच्या जागेवर धरली. ती गार होती आणि तिला ग्रीसचा वास होता. "तक्रार करणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं. "दारात उभी राहून मी त्यांचं सगळं ऐकून घेईन. मग माझं ऐकवीन. स्क्रू लावा." जोडीदाराने माझ्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं, खिशातून स्क्रू काढले आणि एकेक लावत गेला. शेवटचा घट्ट करताना हळूच म्हणाला, "तपासलं, बरोबर आहे, असं लिहून देतो."

संध्याकाळी दिवा लावला. समोर बसले. वन्सं नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पण या वेळी आत येऊन माझ्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या. वात जरा थरथरली, मग सरळ झाली. मी तोंड उघडलं आणि आवाज माइकसमोर यावा तसा आला, घाई नसलेला.

"तू ह्यांना नेलंस, त्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही. आज नाही, उद्या नाही. कुणी सांगितलं तरी नाही, तू सांगितलंस तरी नाही. तुला खरं लागत असेल तर हे घे. आणि माझा नेम मी मोडणार नाही, तोही माझा आहे. आज मला जे मिळालं ते पाचव्या मजल्यावरचं दार आहे. ते थांबतं. त्याबद्दल आभार. पण हे तुला नाहीत. हे ह्यांना आहेत. तुझ्या हातून जातील तेव्हा वाटेत ठेवून घेऊ नकोस, पोचते कर."

वन्संनी मला तोडलं नाही.  मग म्हणाल्या, "मंडळात मी ते म्हणते ना, सोडवलंस वगैरे." त्या थांबल्या. एरवी इथे मी 'हो' म्हणून त्यांना पुढे ढकललं असतं. मी वाट पाहिली. पदराची गुंडाळी झाली, सुटली. "म्हणून होतं, आणि मग बसमध्ये माझे दात वाजतात," त्या म्हणाल्या. "धाकटा होता गं माझा."

मी उठून ताटं घेतली. अन्न गार झालं होतं, तसंच वाढलं. आम्ही समोरासमोर बसलो. पहिला घास हातात घेतला तेव्हा बाहेर लिफ्ट येऊन थांबल्याचा आवाज आला, कुणी आमच्याकडे आलं होतं की चुकून बटण दाबलं गेलं होतं कोण जाणे. "मजला पाचवा," मी बाहेरून म्हणाले, "दार उघडत आहे." वन्संनी हात थांबवला. मीही थांबवला. "सावकाश उतरा." कुणी उतरलं नाही. तरीही दार थांबलं होतं. मग टिंग वाजलं, दार लागलं, आणि आम्ही जेवलो.